बाहेर जेवताना नकळत पोटात जाणारं ग्लुटेन: पथ्य नव्याने सुरू केलेल्यांसाठी

सिलिॲकचं, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान झाल्यावर घरचं स्वयंपाकघर थोड्या दिवसांत मार्गी लागतं. पिठं बदलतात, डबे आणि भांडी वेगळी होतात, घरच्यांच्याही अंगवळणी पडतं. खरी कसोटी लागते ती बाहेर जेवायची वेळ आली की. तिथलं स्वयंपाकघर आपल्याला दिसत नाही, आणि रांधणाऱ्याला आपलं पथ्य कितपत समजलंय तेही ठाऊक नसतं. मी स्वतः सिलिॲकची रुग्ण आहे. बाहेर जेवणं मी सोडलेलं नाही, तुम्हीही सोडू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेन्यूवरचा ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द बहुतेक ठिकाणी फक्त पदार्थात काय घातलंय ते सांगतो. तो पदार्थ कुठल्या तेलातून निघाला, कुठल्या चिमट्याने उचलला, कुठल्या पाटावर चिरला, हे त्या शब्दात येत नाही. बाहेर पथ्य मोडतं ते बऱ्याचदा इथेच. त्यामुळे घटकांच्या चौकशीवर थांबू नका, पदार्थ ताटात येईपर्यंतचा सगळा प्रवास विचारा.

हा लेख सिलिॲक असलेल्यांसाठी आहे. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. त्यात श्वास अडकणं, ओठ-घसा सुजणं असे जिवावर बेतणारे प्रकार होऊ शकतात आणि त्याची तयारी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायला हवी.

१. किती ग्लुटेन म्हणजे जास्त, हे आधी समजून घ्या

ग्लुटेन गहू, बार्ली (जव) आणि राय या धान्यांत असतं. स्पेल्ट, ड्युरम, रवा, बुलगुर, कुसकुस ही गव्हाचीच रूपं. ‘कोडेक्स ॲलिमेंटेरियस’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. यालाच २० पीपीएम म्हणतात.

इटलीत झालेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. पथ्यावर असलेल्या सिलिॲक रुग्णांना त्यात ९० दिवस रोज मोजून ग्लुटेन दिलं होतं. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना इजा होण्याची शक्यता कमी, असं तज्ज्ञ साधारणपणे मानतात. आता हे ब्रेडच्या हिशेबात बघा. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन असतं. म्हणजे १० मिलिग्रॅमसाठी त्या स्लाइसचा दोनशेवा भागसुद्धा पुरतो. सॅलडवरचे ब्रेडचे तुकडे उचलून बाजूला ठेवणं का चालत नाही, ते यावरून कळेल.

उकळून, तळून, भाजून ग्लुटेन नष्ट होत नाही. सॅनिटायझर फवारल्याने जंतू मरतात, ग्लुटेन जागच्या जागी राहतं. ते जातं ते साबण आणि पाण्याने नीट घासल्यावरच. किचनमध्ये ‘आम्ही ओटा सॅनिटाइज करतो’ असं उत्तर मिळालं, तर शांतपणे ‘साबणाने धुता का?’ असं विचारा.

२. घरातून निघण्यापूर्वी जवळ काय असावं

- छापील कार्ड, जे थेट शेफपर्यंत जाईल. परक्या भाषेच्या प्रदेशात जाणार असाल तर तिथल्या भाषेतलं. वेगवेगळ्या देशांतल्या सिलिॲक संघटना अशी कार्डं देतात. मशीनने भाषांतर केलंत, तर ती भाषा येणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.
- निदानाबद्दल डॉक्टरांचं पत्र. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत अशा ठिकाणी आणि विमानप्रवासात ते कामी येतं.
- छुप्या ग्लुटेनची यादी, फोनमध्ये (पायरी ५ पाहा).
- एका जेवणाची भूक भागेल एवढा स्वतःचा खाऊ. याला पर्याय नाही. पोटात कावळे ओरडत असताना ‘चालेल बहुतेक’ असं म्हणणं फार सोपं जातं.
- ओआरएसची दोन-तीन पाकिटं.

कार्डावर ‘मला ग्लुटेन चालत नाही’ एवढंच लिहू नका. ग्लुटेन कशात असतं हे पुष्कळ आचाऱ्यांना माहीत नसतं, त्यांना गहू कळतो. माझ्या कार्डावर असं लिहिलेलं आहे:

‘मला सिलिॲक आजार आहे. गहू, मैदा, रवा, बार्ली, राय, साधे ओट्स आणि यांपासून केलेला कोणताही सॉस, ग्रेव्ही किंवा मसाला मी खाऊ शकत नाही. यांचा कणभर अंशही मला आजारी पाडतो. कृपया माझं जेवण धुतलेल्या भांड्यात, स्वच्छ चमचा आणि सुरी वापरून, वेगळ्या तेलात करा. भात, बटाटा, मका, भाज्या, फळं, अंडी, साधं मांस किंवा मासे, दूध मला चालतं. शक्य नसेल तर स्पष्ट सांगा, मी नाराज होणार नाही.’

शेवटची दोन वाक्यं वगळू नका. काय चालतं हे वाचून आचाऱ्याला मार्ग दिसतो, आणि ‘नाही’ म्हणायला मोकळीक असली की तो खरं सांगतो.

३. जागा निवडणं

ज्या स्वयंपाकघरात गहू शिरतच नाही, ती जागा सगळ्यांत सुरक्षित. त्याखालोखाल सिलिॲक संघटनांनी प्रशिक्षण देऊन मान्यता दिलेली ठिकाणं. ब्रिटनमध्ये ‘सिलिॲक यूके’ आणि इटलीत तिथली सिलिॲक संघटना अशा जागांची यादी ठेवते. प्रवासाआधी त्या त्या देशातल्या संघटनेकडे अशी यादी आहे का ते बघा.

यातलं काहीच नसेल, तर जिथे प्रत्येक ऑर्डर ताजी केली जाते आणि मेन्यू आटोपशीर असतो अशी जागा धरा. मोकळ्या मैद्याने पीठ मळलं जातं अशी बेकरी किंवा पिझ्झाचं दुकान टाळा, कारण मैदा हवेत उडतो आणि ओट्यावर, भांड्यांवर बसत राहतो. तिथे ग्लुटेन-फ्री बेस मिळत असला तरी हे लागू आहे.

अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांबद्दलचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी खिशात मावणाऱ्या सेन्सरने ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून वाढलेल्या पदार्थांच्या पाच हजारांहून जास्त तपासण्या केल्या होत्या. साधारण ३२ टक्के तपासण्यांत ग्लुटेन सापडलं. पिझ्झा आणि पास्ता यांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. हे आकडे सावधपणे घ्यायला हवेत, कारण लोकांनी संशय आलेलेच पदार्थ जास्त तपासले असतील, आणि असा सेन्सर २० पीपीएमपेक्षा कमी ग्लुटेनही दाखवू शकतो. तरी पिझ्झा आणि पास्ता सगळ्यांत वर असणं पटण्यासारखं आहे. त्यांची गव्हाची आवृत्ती त्याच ओट्यावर, त्याच ओव्हनमध्ये, त्याच भांड्यांत होत असते.

मेन्यूवर ‘ग्लुटेन-फ्रेंडली’, ‘लो ग्लुटेन’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘आम्ही हमी देत नाही’ असा घ्या. इंटरनेटवरचे अभिप्राय वाचताना लिहिणाऱ्याला सिलिॲक आहे की तो आवड म्हणून गहू टाळतो, ते पाहा. आवड म्हणून टाळणाऱ्याचा ‘मस्त अनुभव’ आपल्या उपयोगाचा नाही.

फोन आदल्या दिवशी करा, तोही जेवणाच्या गर्दीच्या वेळा सोडून. फोन उचलणाऱ्याला काही सांगता येत नसेल तर शेफ केव्हा भेटतील ते विचारा. टेबलसुद्धा गर्दी वाढायच्या आधीचं घ्या. रेटा असला की धुतलेला चमचा शोधायला कुणाला उसंत नसते.

४. काय विचारायचं आणि कसं

या पायरीवर वेळ घाला. बाकीचं सगळं जमलं आणि इथे कसूर राहिली तर फायदा नाही.

‘हे ग्लुटेन-फ्री आहे ना?’ हा प्रश्न बाद करा. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं, कारण समोरच्याला तुम्हाला खूश करायचं असतं आणि प्रश्नातच तुम्ही उत्तर देऊन ठेवलेलं असतं. ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न विचारा, म्हणजे माणसाला किचनमध्ये जाऊन बघावं लागतं.

*या तेलात अजून काय काय तळता?* बटाट्यात ग्लुटेन नाही, पण ब्रेडचा चुरा लावलेले किंवा पिठात बुडवलेले पदार्थ त्याच तेलात तळले असतील तर फ्राइज बाद. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा सामाईक तेलातल्या फ्राइजचे २० नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या चौथ्या हिश्शात २० पीपीएमहून जास्त ग्लुटेन निघालं. तेल वेगळं आहे म्हणाले तर जाळीही वेगळी आहे का, ते विचारा.

*सॉस किंवा सूप कशाने दाट केलंय?* मैद्याने, कॉर्नफ्लोअरने की नुसतं आटवून? ‘दाट करायला काही घालत नाही’ असं उत्तर आलं, तर स्टॉक घरचा आहे की क्यूबचा, ते विचारा.

*ग्लुटेन-फ्री पास्ता कुठल्या पाण्यात उकळता?* साधा पास्ता उकळलेल्या पाण्यात ग्लुटेन-फ्री पास्ता शिजवला तर तो २० पीपीएमच्या वर जातो, असं तपासणीत दिसलं आहे. त्याच तपासणीत टोस्टरचा धोका अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. म्हणून सगळ्या गोष्टींची सारखीच धास्ती घेऊ नका, आणि प्रश्नांची मर्यादित वेळ तेल, पाणी, सॉस आणि मैद्यावर खर्च करा.

*मसाला किंवा मॅरिनेड तयार आणता का? पाकीट बघू शकते का?* तोंडी उत्तरापेक्षा लेबलवर विसंबणं केव्हाही बरं. बहुतेक ठिकाणी पाकिटाचा फोटो आणून दाखवतात.

*माझं जेवण करताना तुम्ही काय वेगळं करता?* मला हा सर्वांत उपयोगी वाटतो आणि मी तो शेवटी विचारते. जिथे खरोखर पद्धत आहे, तिथला माणूस न अडखळता सांगतो: हातमोजे बदलतो, वेगळं पॅन घेतो, ताटाला खूण करतो. जिथे पद्धत नाही, तिथे ‘काळजी घेतो आम्ही’ एवढंच ऐकू येतं.

उत्तर कसं येतं त्यावरूनही बरंच कळतं. ‘मला माहीत नाही, विचारून येतो’ हे चांगलं उत्तर आहे, अशा माणसावर विश्वास ठेवावा. ‘थोड्याने काही होत नाही’ किंवा ‘तुम्हाला कितपत त्रास होतो?’ असं कानावर पडलं तर तिथे फक्त बंद बाटलीतलं पाणी प्यावं. एका वेळी दोघांनी वेगवेगळं सांगितलं तरीही तसंच.

बोलताना आवाज मऊ ठेवा, पण माफी मागत बोलू नका. ‘सॉरी हं, जरा त्रास देते’ अशी सुरुवात केली की समोरच्याला ते नखरे वाटतात. ‘मला सिलिॲक आहे, त्यामुळे काही प्रश्न विचारावे लागतील’ एवढं पुरे. सिलिॲक हा शब्द माहीत नसेल तर ‘यामुळे मी आजारी पडते’ असं सांगा. खोटं बोलून ‘ॲलर्जी आहे’ म्हणावं का, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. मी म्हणत नाही. मात्र ‘ॲलर्जीच्या ऑर्डरसारखीच काळजी घ्या’ असं जरूर सांगते, कारण ती पद्धत किचनला आधीच शिकवलेली असते.

५. छुपं ग्लुटेन

हे फोनमध्ये उतरवून ठेवा:

- सोया सॉस, बहुधा गहू घालूनच केलेला; आणि तो पडलेलं कुठलंही मॅरिनेड
- माल्ट (बहुधा बार्लीचं), माल्ट व्हिनेगर, माल्ट घातलेले कॉर्नफ्लेक्स, साधी बिअर
- स्टॉक क्यूब, तयार ग्रेव्ही
- सॉसेज आणि मीटबॉल, ज्यांत ब्रेडचा चुरा असतो. खेकड्याच्या चवीचे तयार तुकडे
- सेतान, म्हणजे शाकाहारी ‘मांस’ म्हणून येणारं जवळपास निव्वळ ग्लुटेन
- मसाला लावलेल्या फ्राइज
- ऑम्लेट, कारण काही ठिकाणी ते फुगावं म्हणून पॅनकेकचं पीठ मिसळतात
- जपानी सोबा नूडल्स: त्या कुट्टूच्या म्हणून ओळखल्या जातात आणि कुट्टूत ग्लुटेन नाही, पण या नूडल्समध्ये गहू सर्रास मिसळलेला असतो
- साधे ओट्स, ज्यात शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू किंवा बार्ली मिसळते. ग्लुटेन-फ्री ओट्ससुद्धा थोड्या रुग्णांना सोसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारून मगच.

‘व्हीट-फ्री’ लेबलला फसू नका, त्यात बार्ली किंवा राय असू शकते. अमेरिकेत पाकिटावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे, बार्ली आणि रायचा तसा नाही. युरोपीय संघात ग्लुटेन असलेली सगळी धान्यं त्या नियमात येतात, आणि डिसेंबर २०१४पासून रेस्टॉरंटांनाही ही माहिती द्यावी लागते.

उगाच भीती बाळगली जाते अशाही काही गोष्टी आहेत. साधं व्हिनेगर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन आणि ऊर्ध्वपातन केलेली मद्यं, ही मूळ गव्हापासून केलेली असली तरी, सहसा चालतात.

६. ताट समोर आल्यावर

वेटरकडून एकदा वदवून घ्या: ‘ही सिलिॲकची ऑर्डर ना?’ ताटं उचलताना अदलाबदल होते आणि ती तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

वर ब्रेडचा तुकडा किंवा बिस्किटाचा चुरा पडलेला दिसला, तर नवं ताट मागा आणि ते येईपर्यंत जुनं परत देऊ नका. दिलंत तर आत नेऊन तुकडा काढतील आणि तेच ताट पुन्हा आणतील.

बुफेत सामाईक डाव हा मोठा सापळा आहे. आधी वाढून घ्यायची परवानगी मागा, किंवा किचनमधून ताजं वेगळं काढून द्यायला सांगा. सोबतच्यांच्या ताटातलं चाखू नका, आणि लोण्यात किंवा चटणीत कुणी ब्रेड बुडवत असेल तर आपली वाटी पहिल्यापासून वेगळी ठेवा.

खिशातला सेन्सर वापरणार असाल तर त्याच्या मर्यादा ओळखा. तो तुम्ही घातलेली चिमूट तपासतो, सगळं ताट नाही. सोया सॉस, बिअर अशा आंबवलेल्या पदार्थांत ग्लुटेनचे तुकडे झालेले असतात, ते त्याला नीट सापडत नाहीत. त्याने ‘नाही’ दाखवलं म्हणून प्रश्न विचारायचे टाळू नका.

७. ग्लुटेन पोटात गेलंच तर

उतारा नाही. उलटी काढू नका, कोळशाच्या गोळ्या घेऊ नका. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या सिलिॲक रुग्णाचं रक्षण करतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि त्या आधी घेऊन मुद्दाम गहू खाणं तर धोक्याचंच.

काहींना एक-दोन तासांत मळमळ आणि उलटी होते. काहींचं पोट फुगतं, दुखतं, जुलाब लागतात किंवा उलट शौचाला होत नाही. थकवा, डोकेदुखी, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येऊ शकतं. पाणी आणि ओआरएस घोट घोट घ्या, भात किंवा सूप असं हलकं खा, झोपा. दूध काही दिवस जड जाऊ शकतं. ‘आता मोडलंच आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी पथ्य सैल करू नका.

ताप, शौचातून रक्त, थांबत नाही अशी उलटी, लघवी अगदी कमी होणं, चक्कर, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. हे ग्लुटेनचंच काम आहे असं धरून बसू नका. एकत्र जेवलेल्या बाकीच्यांनाही त्रास झाला असेल तर अन्नविषबाधेचा संशय घ्या.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. त्रास झाला नाही म्हणजे ग्लुटेन गेलंच नाही असं नसतं. लक्षणांशिवायही आतड्याला इजा होते, म्हणून ‘मला तिथे कधी काही झालं नाही’ हा जागा सुरक्षित असल्याचा पुरावा धरू नका.

८. त्यानंतरच्या दिवसांत

काय खाल्लं, केव्हा, किती वेळाने काय झालं आणि किचनने काय सांगितलं होतं, ते आठवण ताजी असताना लिहून ठेवा. रेस्टॉरंटला कळवा, आरोप न करता: ‘मंगळवारी रात्री तुमच्याकडे हा पदार्थ खाल्ला, मला सिलिॲक आहे, नंतर त्रास झाला. त्यात काय काय असतं ते पुन्हा तपासून सांगाल का?’ अशा विचारण्याला बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं, आणि एखादा नवा सॉस सुरू झाल्याचं तेव्हाच कळतं.

एकदा चुकून खाल्ल्यावर धावत रक्ततपासणी करून सहसा काही हाती लागत नाही. सिलिॲकच्या रक्ततपासणीत मोजल्या जाणाऱ्या टीटीजी प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) पातळी महिन्यांच्या हिशेबात हलते, एका जेवणाने ती बहुधा बदलत नाही. लघवीत किंवा शौचात ग्लुटेनचे तुकडे शोधणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. लघवीत ते दिवस-दीड दिवस आणि शौचात काही दिवस सापडू शकतात, पण अगदी थोडं ग्लुटेन त्यांतून निसटू शकतं. नेहमीच्या तपासणीत टीटीजी चढलेलं दिसलं, किंवा पथ्य कडक पाळूनही त्रास सुरूच राहिला, तर ही वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा. नोंदी पाहून ते आधी ग्लुटेन कुठून येतंय ते शोधतील. तिथे काही सापडलं नाही, तर दूध न पचणं किंवा आतड्याच्या दुसऱ्या तक्रारी तपासायला डॉक्टरांकडे पाठवतील.